देव स्वर्गात असताना सुरू झालेला जनरेटर

मु. खनार, मनालीच्या वर
माघाचा एकोणिसावा दिवस

चिरंजीव लोतरामला थोरल्या बहिणीचे, म्हणजे शुक्रीदीदीचे, पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? कानाचं यंत्र कानात घालतोस, की अजून ते खणातच झोपलेलं असतं? तुझ्या बिमलाला म्हणावं, तिने विणलेले मोजे पोचले. लोकर उत्तम आहे, पण माप कुणाच्या पायाचं घेतलं ते कळवावं. माझी तब्येत ठणठणीत आहे. हे वाक्य हुकमला दोनदा वाचून दाखव.

फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. संक्रांतीला आपले देव स्वर्गात सभेला गेले, ते फागणात परततील, तोवर गावात कुणी आवाज करायचा नाही. गायीच्या गळ्यातली घंटासुद्धा काढून ठेवली आहे. आणि तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे दोन डोंगरांपलीकडे ऐकू जाईल इतकं ओरडावं लागतं. एवढ्यासाठी देवाचा कोप कोण ओढवून घेईल? तेव्हा हे पत्र. रस्ता उघडला की पहिल्या गाडीने खाली येईल.

आता बाजीचं. पंच म्हणून आमच्या दोघांच्या हातांवर तूच हात ठेवला होतास, तरी पुन्हा लिहिते, कारण तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू सोयीने विसरतोस. कार्तिकात माझा लेक हुकम (चंदिगडात बसून उंटावरून शेळ्या हाकणारा) गाडीतून जनरेटर घेऊन आला. म्हणाला, अम्मा, तुझी सत्तरी उलटली, बर्फात वीज आठ-आठ दिवस जाते, हे मशीन ठेव. आणि यंदा हे एकदा जरी चालू करावं लागलं, तर तुझ्याने इथे एकटीने राहवत नाही असं समजायचं, रस्ता उघडताच तू माझ्याकडे कायमची यायचं आणि गाय विकायची. मी म्हटलं, कबूल. त्याने मशीन चालवून दाखवलं, तर त्या आवाजाने गाय कुंपण मोडून सफरचंदांच्या बागेत पळाली आणि दोन दिवस दूध दिलं नाही. लोतराम, या मातीत जन्मलेला पोरगा आईला माघात वापरायला काय देतो, तर अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल असं यंत्र! चंदिगडच्या सतरा वर्षांत देवाचा रिवाज विसरला. मी मात्र तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बाजी माझ्याच बाजूला झुकत होती, कशाला बोलू?

तो गेल्यावर मी कंबर कसली. छपरापर्यंत देवदाराची लाकडं रचली, सलगम वाळवले, राजमा भरला, सफरचंदं गवतात पुरली, तंदूरच्या शेगडीचं धुराडं स्वतः चढून साफ केलं (हे हुकमला वाचून दाखवू नकोस). हुकमने दारावर 'वादळाची तयारी' म्हणून कागद चिकटवला होता, तो तंदूर पेटवायला छान उपयोगी पडला. मेणबत्त्या मात्र उंदरांनी खाल्ल्या, नुसत्या वाती शिल्लक ठेवल्या. मग म्हटलं, एकदा रंगीत तालीम करून पाहावी. दोन दिवस विजेशिवाय राहायचं ठरवून मी फ्यूज काढला. आता तो डबा माझ्या एकटीचा नसून वरच्या नऊ घरांचा आहे, हे मला कुणी सांगितलं होतं? लाइनमन बिचारा खालून चालत आला, दिवसभर प्रत्येक खांबाशी मान वर करून उभा राहिला, शेवटी दमून माझ्याच ओट्यावर टेकला. मी त्याला तुपात बुडवून चार सिड्डू वाढले. चौथा संपता संपता त्याची नजर खिडकीत ठेवलेल्या फ्यूजवर गेली. भला माणूस आहे, पाचवा मागून घेतला आणि विषय संपवला.

माघाच्या नवव्या दिवशी खरं वादळ आलं. दोन दिवस बर्फ असं कोसळलं की तिसऱ्या सकाळी दार उघडेना, मी वरच्या खिडकीतून बाहेर पडले. वीज गेली, टॉवर गेला, रस्ता गेला. आणि मी? तंदूर पेटलेला, वर राजमा शिजतोय, लोकरीचा पट्टू अंगावर, गाय खालच्या मजल्यावर रवंथ करतेय. अशा थाटात मी पाच दिवस हुकमच्या नाकावर टिच्चून काढले. जनरेटरवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. आयुष्यात इतकी शांत झोप मला कधी लागली नव्हती.

सहाव्या दिवशी नोखीची भाची सरला आली. नोखी म्हणजे तीच, माझी शेजारीण, जी छपरावरचं बर्फ माझ्या गोठ्याच्या वाटेवर ढकलते. त्यावरून आमचा अकरा हिवाळे अबोला आहे आणि दोघींनीही तो निष्ठेने पाळला आहे. शरदात तिची छाती बिघडली. इस्पितळाने विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन दिलं आणि अडीअडचणीला एक मोठा सिलिंडर. सरला माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "चाची, सिलिंडरचा काटा लाल रेघेवर आलाय. मावशीचे ओठ निळे पडलेत."

मी तशीच उठून देवाचा कारभार पाहणाऱ्या कारदाराकडे, चुनेरामकडे, जनरेटर चालवायची परवानगी मागायला गेले. सगळा गाव तिथे जमला. लोतराम, तीस माणसं कुजबुजत भांडताना तू पाहिली नाहीस, ते एकदा पाहायला हवं. राग पुरा, आवाज नाही, सगळं हातवाऱ्यांवर. चुनेराम म्हणाला, "मशीन चालवलं आणि गावावर काही आलं, तर जबाबदार कोण?" कुणी म्हणालं, देवालाच विचारा. पण विचारणार कुणाला? देव स्वर्गात, त्यामुळे गुराच्या, म्हणजे देवाच्या भगताच्या, अंगात येणार कोण? मी म्हटलं, "नाल्यापलीकडे आपल्या देवाची हद्द नाही. पारच्या गावाचा देव कुठे जात नाही, तो बारमाही घरीच असतो. मशीन तिकडे न्या, तार इकडे आणा."

मग पोरं उठली. जनरेटर दोन लाकडी बल्ल्यांना बांधला, चौघांनी खांद्यावर घेतला, पुढे दहा जण छातीएवढं बर्फ तुडवत वाट करत होते, मागे नाल्यापर्यंत आम्ही बाया. पालखीच निघाली म्हण ना, फक्त ढोल नाही, करनाळ नाही, शिट्टीसुद्धा नाही. एका म्हातारीने तर सवयीने हात जोडले. लग्नातल्या दिव्यांच्या माळा, बागेतल्या वायरी, जे मिळेल ते जोडून नोखीच्या खिडकीपर्यंत तार ओढली, जोडांवर सायकलची ट्यूब गुंडाळली. मशीनभोवती थोडं अंतर राखून गवताच्या पेंढ्यांचा आडोसा केला. ते चालू झालं (कसं, ते विचारू नकोस). नाल्याच्या अलीकडे भुंग्याएवढी गुणगुण येत होती. चुनेरामने डावा कान तिकडे करून ऐकलं आणि आवाज येत नाही असा निर्वाळा दिला. डावा कान त्याचा लहानपणापासून बंद आहे.

थोड्या वेळाने नोखीच्या ओठांवर रंग आला. डोळे उघडून तिने मला पायाशी बसलेली पाहिलं आणि सरलाला म्हणाली, "हिला सांग, दार लोटून घे म्हणावं. वारा येतोय." मी सरलाला म्हटलं, "हिला सांग, आधी नीट श्वास घे, मग हुकूम सोड." असे आम्ही तीन दिवस बोललो. वादळाच्या नवव्या दिवशी वीज आली.

तेव्हा हुकमला ठणकावून सांग. लाकूड पुरलं, राजमा उरला, गाय दूध देते आणि तुझी आई जिथे होती तिथेच आहे. बाजी मी जिंकले. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी दीदी,
शुक्री

ता. क. त्या दिवसाचं चित्रण कुणीतरी फोनमध्ये घेतलं आहे आणि टॉवर आल्याबरोबर ते हुकमपर्यंत पोचणार. तो म्हणेल, मशीन चालू झालं, अम्मा हरली. तू पंच आहेस. परक्या देवाच्या जमिनीवर, परक्या घरासाठी चालू झालेलं मशीन बाजीत मोजायचं नाही, असा निकाल दे.

आणखी ता. क. चित्रणात दोरी ओढणारा हात दिसतो, तो माझाच. पोरांनी वीस वेळा ओढली तरी मशीन हूं की चूं करेना. पेट्रोलचा नळ मीच कार्तिकात घट्ट बंद करून ठेवला होता, हुकमची खोड मोडायला. तो उघडायला कमरेएवढ्या बर्फातून नाल्यापलीकडे गेले. नोखी तिकडे श्वासाला मोताद झालेली आणि इकडे माझी हुशारी नळावर बसलेली. दुसऱ्या कुणाच्या हातात दोरी द्यायची लाज वाटली.

शेवटचं ता. क. वरचं सगळं रद्द समज. पत्र रस्त्यासाठी थांबलं होतं, तेवढ्यात टॉवर आला आणि डॉक्टरांनी सरलाला फोनवर बजावलं की पुढचं वादळ येण्याआधी नोखीला खाली आणलं नाही तर आशा धरू नका. नोखी म्हणते, मरेन तर इथेच, शहरात एकटी जाऊन पडणार नाही. तेव्हा मी सरलाकरवी निरोप धाडला की मी बाजी हरलेय, मला जावंच लागतंय आणि एवढा लांबचा प्रवास एकटीने करायची मला भीती वाटते. (आयुष्यात पहिल्यांदा मी हा शब्द वापरला, गावात कुणाला सांगू नकोस.) एक दिवस तिने विचार केला. मग उलट निरोप आला, "घाबरतेच आहे बिचारी, तर सोबत येते." पण ती लेखी काही पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारी नाही. म्हणून निकाल माझ्या विरुद्ध दे. मोठ्या अक्षरांत लिही, 'शुक्री हरली', खाली सही कर, शिक्का असेल तर तोही मार. सरला तिला वाचून दाखवील. गाय चुनेरामकडे राहील, विकायचं नाव काढायचं नाही. आणि हुकमला सांग, एका खोलीत दोन खाटा टाक, खाटांजवळ विजेची जागा पाहून ठेव आणि चैतात वर यायच्या बसची तिकिटं आत्ताच काढ. एक नाही. दोन.