न धुतलेला दगड

अहो,

मी ठणठणीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

तुम्ही धूळ न धुताच पाठवलेल्या त्या अल्कलीयुक्त खडकात नवं सिलिकेट खनिज सापडलं! गुलाबी आहे, पण पाण्यात विरघळतं. जन्मभर मी दगड आधी धुऊन मगच तपासले, दिसणार कुठून? माझ्याकडचा कण तपासणीत संपला. खनिजाची नोंद व्हायला आणखी नमुना हवा.

मागच्या पत्रात तुम्हाला आळशी म्हणून पलंगाखालचे बाकीचे दगड घासून धुवायला सांगितलं होतं. धुतले नाहीत ना? आता पाणी लावू नका, उलटटपाली कळवा.

तीस वर्षांत माझं एकही काम तुम्ही पहिल्या सांगण्यात केलेलं नाही. सगळी भिस्त त्यावरच आहे.

तुमची,
सध्या न रागावलेली