घोळीचे भोत आणि माझे हात

तारोडी, गुरुवार, जानेवारी १९३९

चिरंजीव भाऊ सेलेस्टिन यास,

तारोडीहून इनासदादाचा आशीर्वाद, आणि देवमातेची नजर तुझ्यावर असो. तुझा खोकला कसा आहे? मावशीचे गुडघे? कंपाउंडर झालास म्हणून रोग्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नकोस. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

खरं सांगू? मी घाबरलोय रे. बावीस वर्षं तांडेल आहे, होडीचं सुकाणू माझ्या हाती. आणि गेल्या महिन्यात भरल्या जाळ्याचा दोर हातातून सुटला. ओला होता म्हणालो. (कोरडा कधी असतो? समुद्रातच तर असतो.) होडीवरच्या मोझेसनं पुढं होऊन तो धरला आणि वर माझीच पाठ थोपटली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं! दुपारनंतर हात असे ढिले पडतात की सदऱ्याची गुंडीसुद्धा लागत नाही. हंगाम संपला की भागीदार बसून पुढच्या वर्षीचा तांडेल ठरवणार. मग मी काय करू, काठावर बसून कावळे हाकलू?

म्हणून गुपचूप भाईंदरला नव्या डॉक्टरकडे गेलो. (घरी सांगितलं, दोरखंड बघायला जातोय.) त्यानं पापण्या पाहिल्या, मूठ दाबायला लावली आणि म्हणाला, ग्लायसीन म्हणून एक द्रव्य आहे, असल्या स्नायूंच्या दुखण्यात विलायतेत ते देऊन बघतायत, कुणाला गुण येतो, कुणाला नाही. एरवी आपलं शरीर ते आपलं आपणच बनवतं, बाहेरून घ्यायची गरज नसते. आता तूच सांग, अख्ख्या गावाचं अंग ते बनवतंय, मग माझ्याच अंगात गिरणीसारखा संप का? मी काय पाप केलं? कशात मिळतं विचारलं तर म्हणाला, हाडं, कातडं, माशाचा भोत, असल्या चिकट वस्तूंत पुष्कळ. पुढंही बरंच बोलत होता, पण मी उठलोच.

भोत! अरे, माझ्या घरी आढ्याला घोळीचे सहा भोत सुकत होते! (तुझ्या मुंबईकर बायकोला सांग, भोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी, घोळ माशाचा असेल तर सोन्याच्या तोलाचा.) तुझ्या टेरेझावहिनीनं ते आमच्या बर्नाडिनच्या लग्नासाठी राखलेत. उपवासकाळाआधी व्यापारी येईल, भोत नेईल, आणि पोरीच्या कानांत सोन्याची फुलं येतील, असा बेत. पण बापाचे हात गेले तर फुलं घालून पोर हसेल का? अशी मनाची समजूत घातली आणि शिडी लावली.

पहिला भोत न भिजवता चघळला. तो पोटात जाऊन फुगला, आणि दोन दिवस मी ताठ चाललो. (शेजारची शांताबाई म्हणाली, तांडेल, भारी रुबाब हाय!) दुसरा जाळ्यांच्या खोपीत उकळला, तर त्याची खळ झाली. गरमागरम प्यायलो आणि मिशी खालच्या ओठाला चिकटून बसली. तेवढ्यात मिस्साची घंटा! सगळी गाणी नाकातून म्हटली. फादर म्हणाले, इनास, आज तुझी भक्ती काही वेगळीच होती.

चार संपलेत. आणि सेलू, काल दोर सुटला नाही! मी मारलेल्या गाठीसुद्धा सकाळी घट्टच्या घट्ट होत्या. देवाची कृपा.

सर्वांना यथायोग्य.
तुझा दादा, इनास

ता.क. तिथल्या बाजारातून घोळीचे चार भोत घेऊन ताबडतोब पाठव. व्यापारी यायच्या आत आढ्यावर गेले पाहिजेत, नाहीतर टेरेझा मलाच तिथं टांगेल.

ता.क. हे पाकीट चिकटवायला टेरेझाकडेच देतोय. ती दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाही.

सेलूभाऊजी, मी टेरेझा. भोत पाठवू नका. पहिला गेला त्याच दिवशी मी उरलेले पाच घोळीचे पेटीत ठेवले आणि त्यांच्या जागी स्वस्तातल्या शिंगाळा माशाचे टांगले. ह्यांनी जन्मभर मासा धरला, पण भोत काढून सुकवणं आम्हा बायकांचं काम. ह्यांना फरक कळतो कुठला! दोर सुटला नाही, कारण मोझेस मागून धरतो. मीच सांगितलंय त्याला. गाठी मी परत मारते. डॉक्टरला मीही भेटून आले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात लवकर दाखवा म्हणाला, हे लवकर त्यानं दोनदा म्हटलं. ह्यांना सांगितलं तर न्हाय यायचे. तुम्ही रविवारी या आणि म्हणा, दादा, मलाच तपासून घ्यायचंय, एकट्याला भीती वाटते. तुमच्यासाठी येतील.