कोपऱ्यातला बोअर सामायिक ठेवण्याबाबत

मी, हनुमान दगडू उकिर्डे, वय एकाहत्तर, मूळ गाव करमाड, हल्ली मुक्काम आनंदमळा सहकारी गृहनिर्माण संस्था, जालना रोड, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्याच हातानं, कुणाच्या धाकात नसताना, सकाळचा चहा झाल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलसाहेब म्हणाले, गुडघ्यांचं लिहायची गरज नाही. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. शाळा सातवीपर्यंतच झाली, पुढचं काय ते सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक वाचून शिकलो. तेव्हा लिहिण्यात कुठं कायदा जास्त आणि कुठं घरगुती बोलणं जास्त झालं, तर सांभाळून घ्यावं.

माझे वारस तिघं : पत्नी बानाबाई, पुण्याला नोकरीला असलेला मुलगा इंद्रजीत आणि सोयगावला दिलेली मुलगी दिपाली.

कलम १. कोपऱ्यातलं रो-हाऊस माझ्या एकट्याच्या नावावर असून ते माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. बानाबाई जिवंत आहे तोवर ते तिचं. तिला कुणीही पुण्याला 'चार दिवस चल' म्हणून नेऊन तिथंच ठेवू नये. इंद्रजीतचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे आणि तिला लिफ्टमध्ये घाम फुटतो. तिच्या मागं घर इंद्रजीत आणि दिपाली यांचं निम्मं निम्मं. वरची खोली दिपाली माहेरी आली की तिची. ती रिकामीच आहे म्हणून तिथं कुणी सामान कोंबू नये.

कलम २. बँकेत जे असेल ते बानाबाईचं. त्यात लिहिण्यासारखं फार नाही.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. त्यासाठीच हा खटाटोप.

आम्ही बावीस घरं, सगळी करमाड-शेंद्र्याकडची. औद्योगिक वसाहतीत जमिनी गेल्या तेव्हा विखरून जाण्यापेक्षा एकत्र राहू म्हणून ही जागा घेतली. सवय शेताची. आधी पाणी बघायचं, मग वाटण्या. त्याप्रमाणं पाणाड्याला बोलावलं, त्याच्या तळहातावरचा नारळ जिथं उभा राहिला तिथं सगळ्यांनी मिळून बोअर घेतला. पाणी असं लागलं की पोरं त्यात नाचली. त्यानंतर प्लॉट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी कोपऱ्याची निघाली. बोअर माझ्या प्लॉटात आला.

तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. भावाभावांत शेत वाटलं तरी विहीर सामायिक राहते, ज्याची त्याची पाळी ठरते, आणि तसं सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. आम्ही समजलो, इथंही तसंच. पण सातबाऱ्यावर लिहिणारा तलाठी होता. इथं लिहिणारं कुणी नव्हतं आणि आम्हाला ते सुचलं नाही. बावीस घरं ज्या पाण्यावर जगतात ते कागदावर आजही माझ्या एकट्याचं आहे. नळाला पाणी कधी येतं हे या शहरात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

मी पुष्कळ वर्षं सचिव आहे. दर वार्षिक सभेत हा विषय मांडला, की बोअर आणि त्याभोवतीची जागा संस्थेच्या नावावर करून घ्या. निम्मी माणसं यायची नाहीत. आलेली म्हणायची, "काका, तुम्ही आहात ना, मग घाई काय?" आणि सात नंबरचे बद्रीनाथ उभे राहायचे. "हनुमान आज बोअर देतोय. उद्या त्याच्या बदल्यात काय मागणार, ते आधी इतिवृत्तात घ्या." मी म्हणायचो, काही मागणार नाही. ते म्हणायचे, "मग देतोच कशाला?" एवढ्यात चहा यायचा आणि विषय पुढच्या सभेवर जायचा.

मागच्या दिवाळीत इंद्रजीत सोबत एक पाहुणा घेऊन आला. पाहुण्यानं घर बघितलं, गच्ची बघितली, मग मागं जाऊन बोअर बघितला.

"हा आपलाच ना?"

"आपलाच," इंद्रजीत म्हणाला.

"मग घराची भिंत वाढवून आत घेता येईल. बाहेरच्यांचा पाइप काढून टाकू."

पोहे देता देता बानाबाई थांबली. "बाहेरचे कोण, भाऊ?" तिनं विचारलं. पाहुण्यानं रांगेतल्या घरांकडं हात केला. तिनं पोह्याची ताटली परत आत नेली.

पाहुणा गेल्यावर मी इंद्रजीतला म्हणालो, "तू घर विकायला काढलंस?"

"काढलं नाय, बापू. नुसता अंदाज घेतला. तुमच्या दोघांचं वय झालं."

"आणि बोअर?"

"कागदावर आपला आहे. बोअरसकट भाव वेगळा येतो. आयुष्यभर फुकट पाजलंत, एक दिवस तरी कुणी मोटरीला हात लावला का? पाळी ठरली होती ना? शेवटी तुम्हीच बटण दाबताय."

त्याचं बोलणं खोटं नाही, हे मी इथं लिहून ठेवतो. मोटर लावायच्या पाळ्या ठरल्या होत्या. पहिल्या वर्षात एकेकानं सोडल्या आणि सगळ्या माझ्यावर आल्या. तापात उठलो, दिपालीच्या लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधायच्या आधी मोटर लावून आलो. पोरगं हे बघत मोठं झालं, त्याला राग येणारच. इंद्रजीत, तुझ्यावर माझा राग नाही. पण पाणी विकायचं नाही.

म्हणून असं ठरवतो : बोअर, त्यावरची मोटर, जिन्यापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची जागा आणि गेटपासून तिथवर जायची वाट हे सगळं माझ्या मागं संस्थेच्या मालकीचं होईल. त्याच्या बदल्यात मला किंवा माझ्या वारसांना काहीही नको, हे बद्रीनाथ यांच्या माहितीसाठी. उरलेलं घर कुणाला विकायचं तर खुशाल विकावं, भाव कमी येईल. दिपालीला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बापू, मला पाण्यातला वाटा नको. आमच्या विहिरीवरची भांडणं मला पुरतात."

कलम ४. हे मृत्युपत्र अमलात आणायला व्यवस्थापक म्हणून मी वर सांगितलेले बद्रीनाथ यांनाच नेमतो. घरात यावरून तोंडं वाकडी होणार आहेत, म्हणून कारण लिहितो. या माणसानं माझ्याविरुद्ध सहकार खात्यात इतके अर्ज केले की तिथला शिपाई मला नावानं ओळखतो. मी टाकीला रंग दिला तर रंगाची पावती मागितली, गेटला कुलूप लावलं तर दुसरी चावी मागितली. फार त्रास दिला. आमच्या पोरांची लग्नं झाली, एकमेकांच्या मांडवात आम्ही गेलो नाही. पण हातात घेतलेला कागद त्यांनी अर्धवट सोडलेला मी पाहिला नाही. बाकीचे वीस जण माझ्या दहाव्याला रडतील आणि विषय पुढच्या सभेवर ढकलतील.

मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा त्यांनी मला गेटातच उभं केलं.

"आता काय नवं काढलं?"

"मेल्यावरचं काम आहे."

"तुझ्या का माझ्या?"

"माझ्या."

"मग बस आत," म्हणाले.

याचा कच्चा कागद त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. "यात मोटर किती पॉवरची ते लिहिलं नाय. उद्या कुणी बदलून जुनी बसवली म्हंजे?" तर मोटर पाच हॉर्सपॉवरची आहे. मग विचारलं, "इंद्रजीत मला शिव्या देईल, त्याचं काय?"

म्हटलं, "तुला सवय आहे."

"तुझ्या शिव्यांची," ते म्हणाले, आणि तयार झाले.

कलम ५. सचिवपद मालमत्तेत मोडत नाही, असं वकीलसाहेब म्हणतात. मोडत असतं तरी मी ते कुणाला दिलं नसतं, वैऱ्यालासुद्धा नाही. लोकांनी आपसात ठरवावं. जो होईल त्याला एवढंच सांगणं, जेवताना फोन घेऊ नये. मी आयुष्यभर घेतला आणि गरम भाकर कशी लागते ते विसरलो. माझे पाने, व्हॉल्व्हची लांब चावी आणि पाइप कापायची करवत त्याला द्यावी. विळा आणि कुदळ दिपालीच्या नवऱ्याला. घड्याळ इंद्रजीतला, ते पाच मिनिटं पुढं आहे, तसंच ठेवावं.

कलम ६. शेवटचं. आपल्या सोसायटीत पहिल्यापासून रीत आहे, कुणाच्या घरी मयत झाली की ती उठेपर्यंत मोटर बंद ठेवायची. प्रत्येक वेळी बटण मीच बंद केलं. माझ्या वेळी बंद करू नये. मोटर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. तिचा आवाज मधेच थांबला की बानाबाई दचकते, हातातलं टाकते आणि मला म्हणते, "आवं, बघा बरं काय झालं." त्या दिवशी उठून बघायला मी नसेन. म्हणून मोटर चालू राहू द्यावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. दोघंही सोसायटीबाहेरचे असून त्यांना यातून काही मिळणार नाही. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही : हनुमान दगडू उकिर्डे

साक्षीदार :
१. डॉ. मेघा विलास जंजाळ, दवाखाना, चिकलठाणा (सही)
२. सखाराम नामदेव घुगे, हार्डवेअर दुकानदार, जालना रोड (सही)

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५