गुलाबी डबा, निळा डबा

विश्रांतवाडी,
ता. ८ जानेवारी २०२४

आयु. सौ. पूर्वा हिस,
सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे मी ठीक आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण चालतो. तुम्ही दोघं कर्वेनगरात गरम कपडे घालता की नाही, कोण जाणे. प्रज्ञेश शनिवारी आला तेव्हा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होता, आणि तोही एवढ्या लांबून मोटारसायकलवर. मी बोललो तर म्हणाला, बाबा, पुण्यात आता थंडी उरलेली नाही. मग माझा गुडघा काय खोटं बोलतो?

फोन न करता पत्र लिहितो याचं नवल वाटून घेऊ नकोस. मला ऐकू कमी येतं म्हणून मी फोनवर ओरडतो, आणि शेजारच्या पद्मजाबाईंना आपल्या घरचं सगळं पाठ होतं. हा विषय ओरडण्याचा नाही.

प्रज्ञेशबरोबर दोन डबे पाठवले आहेत. गुलाबी तुझा, निळा त्याचा. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांसाठीच ही पोषणाची पावडर काढलेली आहे. कारखान्यात माझ्याबरोबर दिगंबर होता, तो आता हेच विकतो. डब्यावर पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरीणबाईंचा फोटो आहे. रोज सकाळी एक चमचा दुधातून घ्यायचा. पद्मजाबाई मला नवस बोला म्हणतात. मी सांगितलं, आमच्यात नवस चालत नाही, आमचं शास्त्रावर चालतं.

मी घाई करतो असं समजू नकोस. पण तुमच्या लग्नाला पाच वर्षं झाली, आणि माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. तू धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आली होतीस, त्यानंतर फिरकली नाहीस. तब्येत बरी आहे ना? की माझं काही चुकलं? तेही कळव.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझे बाबा,
सुखदेव


कर्वेनगर,
ता. १७ जानेवारी २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. डबेही पोहोचले. दोन्ही स्वयंपाकघरात वरच्या फळीवर नीट ठेवले आहेत. तुम्ही आमच्यासाठी इतकं करता, त्याचं ओझं वाटतं.

माझी तब्येत चांगली आहे. कॉलेजात परीक्षा चालू आहेत, त्यामुळे आमचं ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडं असतं. मुलं वर्षभराचं वाचन या पंधरवड्यात उरकतात. म्हणून येणं झालं नाही, दुसरं काही नाही. प्रज्ञेशला मी नवा स्वेटर आणला आहे. तो रोज बॅगेत ठेवून नेतो. स्वेटरला थंडी वाजत नसावी अशी आशा आहे.

गुडघ्याला शेक घ्या, आणि जिन्यावर दिवा लावल्याशिवाय उतरू नका. आमच्यावरची माया आहे तशी असू द्या.

आपली,
पूर्वा


विश्रांतवाडी,
ता. १२ फेब्रुवारी २०२४

ती. चंपाआक्कास,
धाकट्या भावाचा जय भीम.

खडकवासल्याला तुझ्याकडे यायचं म्हणतो, पण बसमध्ये दोनदा चढणं-उतरणं आता होत नाही. तुझ्या डोळ्यांचं काय झालं? नातवाकडून दोन ओळी तरी लिहवून घे.

आक्का, एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगतो. प्रज्ञेश आणि पूर्वासाठी मी दिगंबरकडून पोषणाच्या पावडरीचे डबे घेतले, हे तुला माहीत आहे. पण तसलेच दोन डबे त्याआधी मी स्वतःसाठी घेतले होते. कारखान्याच्या कँटीनमध्ये तेवीस वर्षं पहिलं ताट मी खाल्लं. भाजी, आमटी, सणाची खीर, काहीही असो, आधी मी खायचं, तासभर थांबायचं, मग कामगारांना वाढायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या अन्नाने कुणाचं पोट बिघडलं नाही. मग परक्याची पोर आपल्या घरात आली, तिला मी न चाखलेलं कसं देऊ? म्हणून मी सकाळी गुलाबी आणि संध्याकाळी निळी घेऊ लागलो. पहिले आठ दिवस काही झालं नाही, तेव्हा त्यांचे डबे प्रज्ञेशच्या हवाली केले.

माझी अजून चालूच आहे, कारण अंगाला मानवली. भूक अशी लागते की दुपारी चार भाकरी कमी पडतात. गुडघा दुखायचा थांबला. गाल भरून आले आहेत. विहारात सगळे म्हणाले, सुखदेवराव, तुम्ही तर जवान झालात. रात्री झोप मात्र अजिबात नाही, आणि पायांवर चप्पल घट्ट बसते. ते मिठाने असेल.

पूर्वाने लिहिलं आहे की डबे नीट ठेवले आहेत. म्हणजे घेत असणार. तुला काय वाटतं? ती आली की विचारीन म्हणतो, पण ती येतच नाही. मला घोर लागला आहे.

भावावरचा राग-लोभ दोन्ही चालू ठेवावा.

तुझा,
सुखदेव


खडकवासला,
ता. २० फेब्रुवारी २०२४

चि. सुखदेव यास,
आक्काचा जय भीम.

पत्र वाचलं. माझे डोळे शाबूत आहेत, म्हणून हे मीच लिहिते. वाचून झाल्यावर मात्र वाटलं की नसते तर बरं होतं.

एकाहत्तराव्या वर्षी माझ्या भावाने गर्भधारणेची पावडर सुरू केली, आणि एकच डबा नाही, नवऱ्याचाही आणि बायकोचाही! आता बारशाचं बोलावणं वेळेवर पाठव, मला साडी काढायला हवी. दिगंबरला विचार, पाळणाही तोच विकतो का?

थट्टा पुरे. पाय सुजले, झोप गेली, तोंड गोल झालं, याला जवानी म्हणत नाहीत. विहारातल्या माणसांचं काय ऐकतोस, त्यांना तू फुगलेला दिसतोस, आजारी दिसत नाहीस. उद्याच्या उद्या दवाखान्यात जा आणि तो डबा बरोबर ने. लाजू नकोस. डॉक्टरांनी याहून मोठे शहाणे पाहिले असतील.

आणि सुनेने डबे नीट ठेवले म्हणते, तर मला ती पोरगी हुशार वाटते. यापुढे मी काही बोलत नाही. तपासून आलास की लगेच कळव. तुझ्याशी भांडायला मला तू हवा आहेस.

तुझी,
आक्का


विश्रांतवाडी,
ता. ११ मार्च २०२४

आयु. सौ. पूर्वा हिस,
जय भीम.

हे पत्र मिळताक्षणी वाच. प्रज्ञेश कंपनीच्या कामाला चेन्नईला आहे, त्याला इतक्यात काही कळवू नकोस. तो तिथून धावत येईल.

आज दुपारी मी दवाखान्याच्या ओट्यावरून फोन केला आणि डबे बंद करा, एवढंच ओरडलो. तू बरं म्हणालीस. पुढचं विचारायला तोंड झालं नाही, कारण रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. ते आता लिहितो.

तीच पावडर मी स्वतः डिसेंबरअखेरीपासून खात होतो, तुला देण्याआधी चाखायची म्हणून. आक्काने दवाखान्यात जा म्हणून लिहिलं होतं, तरी मी आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन आठवडे घालवले. आज सकाळी न्हाणीपाशी चक्कर येऊन बसलो, तेव्हा गेलो. मला कधी साखर नव्हती, ती चारशेच्या वर निघाली. रक्तदाबही वाढलेला. डॉक्टरांनी माझं तोंड बघितलं, डबा बघितला आणि म्हणाले, यात स्टिरॉइड मिसळल्याचा मला संशय आहे, तपासायला पाठवू. भूक आणि ताकद त्यानेच आली म्हणे. एकदम थांबवलं तरी धोका असतो, म्हणून मला गोळ्या देऊन हळूहळू उतरवणार आहेत. मी बरा होईन. माझं सोड.

पूर्वा, तू किती खाल्लंस? रोज घेत होतीस का? पाय सुजतात का? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. फोनवर मी बंद करा म्हणालो, पण रोज खाल्लं असशील तर आपल्या मनाने एकदम बंद करू नकोस, तशीच तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि डबा दाखव.

नवस केला नाही म्हणून मी मान ताठ ठेवून फिरलो, आणि पांढऱ्या कोटातल्या फोटोपुढे डोकं टेकलं. तुझ्या आईवडिलांना कोणत्या तोंडाने भेटू? तुला काही झालं असेल तर मला लोभ ठेवा असं म्हणायचाही हक्क नाही. फक्त उत्तर दे.

सुखदेव


कर्वेनगर,
ता. १५ मार्च २०२४

ती. बाबांस,
जय भीम.

तुमचं पत्र काल हातात पडलं आणि दारातूनच तुम्हाला फोन केला. एक चमचाही नाही, असं मी तीनदा सांगितलं आणि तुम्ही चारदा विचारलंत. विश्रांतवाडीला आता कुणाला शंका उरली नसेल. पण का नाही, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

मी खरंच खाल्लं नाही. प्रज्ञेशनेही नाही. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि परत लावलं. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की मला रोज फोलिक ॲसिडची एक गोळी, रक्तात कमी निघालं म्हणून ड जीवनसत्त्व, आणि प्रज्ञेशने तंबाखू सोडायची, वजन उतरवायचं. याउपर कुणी काही दिलं तर आधी मला दाखवा, म्हणाल्या. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी डबे फळीवर ठेवले आणि तसं लिहून मोकळी झाले. त्या एका वाक्याने तुम्ही इतके दिवस जागलात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखीही एक सांगायचं आहे. दोन वर्षं आम्ही तारखा, तपासण्या, सुया यांतच होतो. दसऱ्याच्या सुमारास आम्ही दोघांनी ठरवलं की आता काही महिने थांबायचं. गोळी चालू आहे, बाकी सगळं बंद. नंतर पुन्हा बघू. तसं ठरवल्यावर आम्ही पहिल्यांदा जेवताना दुसऱ्या कशावर तरी बोललो. पण तुमच्याकडे यायचं म्हटलं की माझे पाय जड व्हायचे. आले की बदाम, खजूर, शतावरी, काहीतरी पिशवीत असायचंच. बाबा, राग मानू नका, पण मला वाटायचं की तुम्ही माझ्याकडे बघतच नाही, माझ्या पोटाकडे बघता.

मग हे पत्र आलं. एवढा म्हातारा माणूस गुलाबी डबा आधी स्वतः खाऊन बघतो! ते कॉलेजात नेऊन पुन्हा वाचताना मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून रडले, आणि शिपाई चहा घेऊन आला तेव्हा हसत होते. त्याने चहा ठेवला आणि जाताना दार लोटून घेतलं.

तुम्ही केलंत ते अत्यंत चुकीचं केलंत. पुन्हा असलं काही केलंत तर मी चंपाआत्यांना तुमच्याकडे राहायलाच पाठवीन. प्रज्ञेशला मी सांगितलं आहे. तो रविवारी परत येतो. महिनाअखेरीच्या रविवारी आम्ही दोघं येतो. माझ्यावर जीव आहे तेवढा पुरे, त्याबरोबर काही देऊ नका.

तुमची,
पूर्वा


विश्रांतवाडी,
ता. १ एप्रिल २०२४

ती. आक्कास,
सप्रेम जय भीम.

साखर दोनशेच्या खाली आली. पायात चप्पल जाते. तोंड अजून थोडं गोल आहे, पण तू म्हणतेस तसं ते आधीही काही पाहण्यासारखं नव्हतं. पावडरीचा अहवाल आला, स्टिरॉइड निघालंच. डॉक्टरांनी सरकारी खात्याला कळवलं आहे. मी भांडायला म्हणून दिगंबरच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं, तर त्याचाही चेहरा माझ्यासारखाच टरटरीत. तोही ती पावडर औषध म्हणून भक्तीने खात होता. मग भांडतो कसला, त्यालाच रिक्षात घालून माझ्या डॉक्टरांकडे नेलं. ज्यांना डबे दिले त्यांना आता तो घरोघर जाऊन सांगतो आहे.

काल दोघं आली होती. मी सकाळपासून घाबरलो होतो. काय बोलू, कुठे बघू, काही सुचेना. तिने पिशवी ठेवली, माझे पाय बघितले, सूज बोटाने दाबून बघितली, आणि मला असं झापलं की मला तू आल्यासारखंच वाटलं. मग जेवायला बसलो. वांग्याचं भरीत आणि भाकरी. तिने भरीत परत मागून घेतलं. प्रज्ञेशच्या ऑफिसात एक नवा साहेब आला आहे, त्याची नक्कल तिने केली. प्रज्ञेश पोट धरून हसत होता. हा मुलगा असा हसतो, हे मी विसरलो होतो. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मूल होईल तेव्हा होईल, नाही झालं तरी घर भरलेलं होतं, हे मला काल दिसलं.

जेवण झाल्यावर पूर्वा म्हणाली, बाबा, जरा पडते. पुढच्या खोलीत चटईवर पंख्याखाली आडवी झाली आणि बघता बघता गाढ झोपली. लग्न होऊन आल्यापासून ती या घरात दिवसा कधी झोपली नव्हती. पाहुण्यासारखी ताठ बसायची आणि घड्याळ बघायची. प्रज्ञेश मोरीतला नळ दुरुस्त करायला बसला होता, त्याला मी हातोडी खाली ठेवायला लावली आणि बाहेर दारात खुर्ची टाकून बसलो.

तेवढ्यात विहारातले नागोराव जयंतीच्या मिरवणुकीचं विचारायला आले. पायरीवर सुनेच्या चपला बघितल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, काय सुखदेवराव, यंदा तरी काही गोड बातमी?

मी म्हटलं, आहे. सून आली आहे, पोटभर जेवली आहे आणि आत झोपली आहे. तुम्ही संध्याकाळी या.

ते गेले. ती दिवेलागणीला उठली आणि चहा मागितला.

आक्का, मलाही काल झोप लागली. तुझी माया अशीच कडक असू दे.

तुझा धाकटा,
सुखदेव