पट्ट्याचं माप

४ जानेवारी

आलो एकदाचे! सामान म्हणाल तर एक कपाट, दोन गाद्या आणि बायकोच्या शंभर सूचना. तलावाच्या पाणी-उपसा केंद्रावर पहारेकरी म्हणून मी आज रुजू झालो. कारखाना बंद पडल्यापासून घरीच होतो, आणि घरी बसलेल्या पुरुषाला केरसुणीसुद्धा टोमणे मारते. ते दिवस गेले म्हणायचे.

जागा झकास आहे. काठावर पंपांची लांबट इमारत, तिच्याभोवती तारेचं कुंपण, एक फाटक आणि फाटकाला लागून आमच्या दोन खोल्या. भिंती नव्या काँक्रीटच्या. खिळा ठोकायला गेलो तर खिळाच वाकला. पंपांची घरघर अखंड चालू असते. ही म्हणाली, बरंच झालं, तुमचं घोरणं तरी ऐकू यायचं नाही.

लेक सात वर्षांची. शाळेत नाव वेगळं, घरात भिंगरी. एका जागी उभी राहील तर शप्पथ! आल्या आल्या कुंपणाच्या कडेने धावत सुटली आणि गुडघा फोडून परत आली. रडायलासुद्धा थांबली नाही.

५ जानेवारी

मुख्य कचेरीत जाऊन बंदूक ताब्यात घेतली. कार्बाइन आहे, म्हणजे रायफलीची धाकटी बहीण: आखूड, आटोपशीर, पण वजनाला काही कमी नाही. तिला पट्टा नव्हता. बंदुकांची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीने तीन पट्टे टेबलावर टाकले आणि म्हणाला, पट्टा आणि चप्पल ज्याची त्याने निवडावी.

एक होता मागच्या एकाच कडीत अडकवायचा. त्याने बंदूक झटकन हातात येते, पण सोडली की पायांत लुडबुडते. दुसरा नायलॉनचा, दोन टोकांचा, सरकत्या बकलाचा. सोयीचा खरा, पण घामाने मान कापून काढील. तिसरा चामड्याचा, रुंद, कोरा करकरीत. दिवसभर अंगावर वागवायची तर चामड्यासारखं सुख नाही. तोच उचलला.

त्याला भोक नव्हतं. मिस्त्री जेवायला निघाला होता. म्हणाला, थांब, आल्यावर तुझ्या अंगावर माप घेऊन पाडून देतो, इथली तशी रीत आहे. पण परतीची जीप सुटत होती. मी म्हटलं, आरी द्या, घरी पाडतो. त्याने आरी दिली आणि दोनदा बजावलं, की भोक पाडताना पट्टा माझ्याच अंगावर असला पाहिजे. मी मान डोलावली. माणसं आपापल्या कामाचं किती स्तोम माजवतात!

६ जानेवारी

सकाळीच पट्टा जोडायला बसलो. आधी मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याची खात्री केली. पट्ट्याचं एक टोक पुढच्या कडीतून, दुसरं दस्त्याच्या कडीतून ओवलं. गुळगुळीत बाजू अंगाकडे, नाहीतर खांदा सोलवटतो. मग बंदूक अंगावर तिरपी लटकवून पाहिली, वाकलो, वळलो, हात सोडले. कुठे आपटली नाही. बक्कल यायला हवं तिथे खडूने खूण केली आणि पट्टा पुन्हा सोडवला.

आता स्वतःच्या छातीवर आरी कशी चालवायची? चामडं ताणल्याशिवाय भोक नीट पडत नाही, आणि भिंतीत खिळा शिरत नाही. ही कपडे वाळत घालत होती. म्हणून भिंगरीलाच खुंटी केलं. पट्टा तिच्या खांद्यावरून तिरपा घातला, टोक तिच्यापासून लांब ताणलं आणि खुणेवर आरी टोचली. खूण माझी, अंग तिचं. काय गंमत, तेवढा वेळ कार्टी अगदी पुतळ्यासारखी उभी राहिली.

मस्त बसला पट्टा. ही म्हणाली, लग्नात हारसुद्धा इतक्या कौतुकाने घातला नव्हता तुम्ही.

९ जानेवारी

काम जमतंय. पंपावरचा ऑपरेटर गप्पिष्ट आहे. संध्याकाळी फाटक लावायचं, बंदूक घरातल्या लोखंडी पेटीत, किल्ली माझ्या करगोट्याला.

आज पट्टा दाटला. वाटलं, घरचं जेवण अंगी लागतंय. बक्कल पाहिलं तर ते माझ्या भोकात नव्हतंच. बोटभर आतल्या बाजूला दुसरं भोक होतं, त्यात होतं. कडा स्वच्छ, माझ्या भोकापेक्षा सुबक. मी एकच पाडलं होतं. हिला विचारलं तर म्हणाली, मला स्वयंपाक पुरे आहे, तुमच्या बंदुकीचे लाड तुम्हीच करा.

बक्कल पुन्हा माझ्या भोकात लावलं.

१२ जानेवारी

रोज सकाळी नवं भोक. रोज जरा आत. पेटीला कुलूप, किल्ली माझ्यापाशी. आज पट्टा डोक्यातून घालताना कान खरचटले.

भिंगरीला आंघोळ घालताना हिला तिच्या पाठीवर लाल पट्टा दिसला. खांद्यापासून कमरेपर्यंत, तिरपा. मला हाक मारून दाखवला. पोर म्हणते, दुखत नाही. ही म्हणते, दप्तराचा असेल. दप्तराला दोन पट्टे असतात.

१३ जानेवारी

चामड्याचा पट्टा कापून टाकला. ऑपरेटरच्या शेगडीत जाळला, राख होईपर्यंत उभा राहिलो. कचेरीतून नायलॉनचा मागवला. याला भोकंच नाहीत, आता काय करशील, असं मी त्या बंदुकीला मोठ्याने म्हणालो. ऑपरेटरने ऐकलं आणि हसला. मीही हसलो.

१४ जानेवारी

नायलॉनचं बक्कल सरकलेलं. उरलेलं टोक हातभर खाली लोंबतंय. म्हणजे पट्ट्याचा दोष नाही, बंदुकीचाच. जोर लावला, बक्कल मागे येईना. पक्कड लावली, पक्कड निसटून माझंच बोट चेचलं.

भिंगरी आज धावली नाही. दुपारभर फाटकाशी उभी होती. पाय जुळवून, उजवा खांदा खाली, जणू काही जड लटकतंय. खेळायला जा म्हटलं तर म्हणाली, जाता येत नाही. कुणी सांगितलं विचारलं तर मान हलवली.

मला भीती वाटते. लिहून टाकलं, बरं झालं.

१६ जानेवारी

हिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडली, मग रडली, मग पिशवी भरायला लागली. सकाळच्या जीपने दोघींना माझ्या मेहुण्याकडे पाठवलं.

दुपारी जीप परत. वळणापलीकडे गेल्यावर पोरीचा श्वास कोंडला, असं ही म्हणाली. जसजशी गाडी लांब जाई तसतसा तो लाल पट्टा मांसात रुतत गेला. गाडी वळवली तेव्हा सैल पडला. ड्रायव्हर फाटकाच्या आत यायला तयार नव्हता.

फाटकाशी उतरताच भिंगरी नीट श्वास घ्यायला लागली. उतरली आणि उभी राहिली.

१७ जानेवारी

मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी एकच विचारलं, भोक पाडताना पट्टा कुणाच्या अंगावर होता. मी सांगितलं. तो खाली बसला.

म्हणाला, पगार कुणाचा, हुकूम कुणाचा, हे त्या बंदुकीला कळत नाही. पहिलं माप ज्याच्या अंगावरचं, तोच तिचा पहारेकरी. म्हणून तर रीत. मग हे आधी का नाही सांगितलं? म्हणाला, सांगितलं तर हसतात. दोनदा बजावलं होतं.

बंदूक जमा करून घ्या म्हटलं. घेतो, म्हणाला, पण जिच्या मापाची आहे तिने अंगावर घालून आणली पाहिजे. आणि एकदा घातली, की ती काढू देते की नाही, हे त्याला ठाऊक नाही. आधीच्या पहारेकऱ्याने मापासाठी भावाला उभं केलं होतं. त्याचं काय झालं विचारलं. मिस्त्रीने तोंड फिरवलं. मी त्याच्या पाया पडलो. तोही रडला. उपयोग काय.

१८ जानेवारी

बंदूक तलावात टाकली. भर दुपारी, ऑपरेटरच्या देखत. परत आलो तर पेटीत. कोरडी.

पट्टा आता एवढासा. मी डोळ्यांनीच मापला. बरोबर तिचा.

ही तिला धरून बसलीय. सोडत नाही. पोर सारखी दाराकडे —

१९ जानेवारी

एकच वाट दिसते. पट्टा माझ्या अंगावर असला तर तिच्या अंगावर कसा जाईल? एका वेळी एकाच्याच —

घालतो. तिच्या मापाचा तर तिच्या मापाचा. बाप आहे मी.

तेच १९, दुपार

शिरला. एक हात आणि डोकं. बरगड्या करकरल्या. खांदा निखळला असावा. डाव्या हाताने लिहितोय. श्वास पुरत नाही. बंदूक पाठीवर, तिचं वजन नीट कळतंय. असू दे.

हिने दार लावून घेतलंय आतून. भिंगरी तिच्या कुशीत. झोपलीय म्हणाली. खूप दिवसांनी वळवळ करत झोपलीय म्हणे.

देवा, राहू दे असंच. मला ने. मी उभा राहीन फाटकाशी, जन्मभर —

नंतर

जरा बरं वाटतंय. श्वास येतोय. पट्टा तसाच घट्ट, पण पाठ हलकी —

मागे हात घातला. पट्टा आहे. कड्या नाहीत. बंदूक —

आतून ही किंचाळतेय. दार उघडत नाही. मी धडका —

भिंगरीचा आवाज. दाराच्या आतून नाही. फाटकाकडून. बाबा म्हणतेय. मी उभी आहे म्हणतेय. कोण येतंय ते विचारू का म्हण