दोन जोनाथन

पेण,
१८ जानेवारी १९९३

प्रिय सारा,

शालोम. आज उगाच आठवलं, धरमतरला लाँचची वाट बघताना तू माझ्याही वाटणीची बोरं खाल्लीस आणि बिया माझ्या फ्रॉकच्या खिशात टाकल्यास. शाळेत सिस्टर ओरडल्या मला. एकटीच हसत बसले.

थंडी बरी आहे. गुडघे तसेच. मार्चमध्ये मला तिकडे न्यायला तुझ्या जोनाथनला पाठवू नकोस. तिकिटं महाग, शिवाय माझी तयारीही नाही.

हे खरं नाही. तयारी कधीच झाली आहे.

मुंबईच्या दंगलीचं तुला कळलंच असेल. इथे तेवढं नाही, पण नाक्यावर पोरं बसून असतात. माझ्या मागच्या खोलीत दिवाळीनंतर निसार भाड्याने राहायला आलाय. नागोठण्याला कंपनीत असतो, कायम रात्रपाळी, त्यामुळे गल्लीने त्याला धड पाहिलेलंही नाही. दहा दिवसांपूर्वी ती पोरं दारात आली. पुढे प्रवीण. त्याला मी इंग्रजी शिकवलंय.

"टीचर, घरात मुसलमान हाय ना?"

"माझा भाचा आहे, जोनाथन. मला इस्रायलला न्यायला आलाय."

त्यांनी निसारला जे दाखवायला लावलं ते लिहवत नाही. मी भिंतीकडे तोंड केलं.

"ही बघा खूण!" कुणीतरी ओरडलं.

शेजारची काशीबाई मिठागरावरून येत होती, ती मध्ये घुसली. "मुडद्यांनो, ह्या शनवार तेल्यांच्यात पण सुंता करतात! ज्यू हायेत ते. जोनाथन ह्याच घरात झाला, पेढे खाल्लेत मी!"

पेढे तिने खरंच खाल्ले होते.

"मग तुमची प्रार्थना म्हण," प्रवीण म्हणाला.

निसारने डोळे मिटून शेमा म्हटला. अडखळत, पण म्हटला. माझा आवाज भिंतीपलीकडे रोज जातो. पोरं गेल्यावर म्हणाला, "अर्थ तुम्हीच सांगितला होतात, खाला. देव एक आहे. मला जड नाय गेलं."

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, हे आपण शाळेत पाठ केलं. शेजाऱ्यासाठी द्यावी का, ते सिस्टरांनी सांगितलं नाही.

आता दोघंही अडकलोय. पोरं विचारतात, "काय जोनाथन, कधी निघताय?" मी निघाले तर त्यालाही निघावं लागेल, आणि खरा जोनाथन इथे उतरला तर हा जिवानिशी जाईल. काशीबाई रोज गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते, "काय गो, जेवला काय तुझा भाचा?"

रोह्याचा सॅमसन पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येतोय. त्याच्याबरोबर माझी ट्रंक पाठवते. चांदीचा पेला जोनाथनला. पाटल्या त्याच्या शीराला, सून म्हणून घरात येईल तेव्हा घाल. आईचं हिरवं लुगडं तुला. पप्पांची प्रार्थनेची शाल ट्रंकेत नसेल. शनिवारी निसार ती पांघरून ओटीवर बसतो, नाक्यावरून दिसेल असा. ती मागू नकोस.

तुझी ताई, आणि दोन्ही जोनाथनांची मावशी,
रिबका