वीरगळांचा तक्ता

५ जानेवारी, रविवार

आली! साडेनऊ म्हणाली होती, नऊ पंचवीसला किल्ल्याच्या दाराशी हजर. तीन वर्षांनी वेदिका माझ्याबरोबर चालली. पोटची पोर, राहते इथेच व्हाइटफील्डला, आणि तोंड बघायला तीन वर्षं लागली.

अट एकच. "बाबा, हात उगारलात तर मी परत येणार नाही. माझ्यावरच असं नाही — कुणावरही."

बरं म्हटलं. काय करणार? लग्न मोडते म्हणाली तेव्हा मीच तिच्या कानाखाली वाजवली होती. डाव्या कानाचा पडदा फाटला. अजून बोलताना उजवा कान पुढे करते.

टिपूच्या लाकडी महालात एक महाशय गाडीच्या किल्लीने खांबावर बायकोचं नाव कोरत होते. सव्वादोनशे वर्षांचा खांब! बोटं मुळापासून पिरगाळावीशी वाटली. हात खिशात कोंबले आणि रखवालदाराला हाक मारली. वेदिका खांबाकडे बघतच नव्हती. माझ्या खिशांकडे बघत होती.

८ जानेवारी

वीरगळांच्या नोंदींचा तक्ता तिला पाठवला. ठिकाण, कुणाचा, सध्याची स्थिती, झीज. फोटो ती काढणार, रकानेही तीच भरणार. नीला म्हणाली, "दगडांना इतकं जपता..." पुढचं गिळलं. तीस वर्षांच्या संसारात बाई एवढं शिकली.

१२ जानेवारी, रविवार

बेगूर. देवळाच्या आवारातले वीरगळ. काय लढाई कोरलीय! घोड्याच्या पोटात भाला, हत्तीच्या पायाखाली माणूस, धड एकीकडे, मुंडकं एकीकडे. मी रंगात येऊन सांगत होतो. वेदिकाने विचारलं, "यातला वीर कोण?"

"जो मेला तो. मेलेल्याचाच दगड उभा करतात."

"आणि मारणाऱ्याचा?"

"त्याचा कशाला करतील?"

"सरी," म्हणाली, इथले लोक ‘बरं’ला म्हणतात तसं, आणि रकाना भरायला लागली.

दुपारी डोसा खाताना हसली. एकदाच, पण हसली! संक्रांतीच्या सुट्टीला आनेकलला येते म्हणाली. तिथला वीरगळ माझा लाडका. शेताच्या बांधावर आहे, गायी सोडवताना मेलेल्या माणसाचा. महिन्यापूर्वी एकटा जाऊन चार तास ब्रशने घासला होता. बोटभर जाड काळं किटण! खालून माणसाचे डोळे निघाले.

१४ जानेवारी

मारलं.

बांधावर पोचलो तर एक म्हातारा माझ्या घासलेल्या दगडावर तेलाचा डबा उपडा करतोय! वर हळद फासलेली. डोकंच फिरलं. वेदिकाने फोटोसाठी फोन काढला होता. "बाबा, थांबा!" ओरडली. ऐकू आलं. चांगलं ऐकू आलं, माझे दोन्ही कान शाबूत आहेत. तरी गेलो. म्हाताऱ्याला एक ठेवून दिली. तो वळला, तर गचांडी धरून दुसरी. मग ढकलला. कपाळ दगडाच्या कडेवर आपटलं आणि फुटलं. रक्त, तेल, हळद, सगळं वीराच्या तोंडावरून ओघळलं.

म्हातारा मराठी निघाला! नागोजी. कैक पिढ्यांपासून आनेकलचे. पंचा कपाळावर दाबून म्हणाला, "अण्णा, शेत घेतलं तेव्हापासून हा आमचा अज्जाच. दर संक्रांतीला तेल घालतो, म्हणून पाणी आत मुरत नाही. गेल्या महिन्यात कुण्या हलकटानं खरवडून ठेवलाय बघा. आता पावसात पापुद्रे सुटतील."

हलकट म्हणजे मीच, हे तोंडातून निघेना.

वेदिकाकडे वळून म्हणाला, "अक्का, स्वल्प तेल उरलंय. तेवढं घालतो, मग दवाखाना." तिने डबा धरला. त्याने घातलं. मग त्याला रिक्षात बसवून ती गेली. मी तिळगुळाचा डबा घेऊन बांधावर उभा. लाज वाटली. नुसती लाज!

१५ जानेवारी

नागोजीला सात टाके. नीलाकडून कळलं. वेदिका माझा फोन उचलत नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज डोमलूरचं देऊळ ठरलं होतं. साडेनऊपासून अकरापर्यंत दाराशी उभा होतो.

२१ जानेवारी

तक्ता आला. सोबत चिठ्ठी नाही. सगळे वीरगळ नीट भरलेत. शेवटी एक पान जास्तीचं. फोटोत मी, हात उगारलेला.

ठिकाण: आनेकल.
कुणाचा: मारणाऱ्याचा.
सध्याची स्थिती: पूर्वी होती तशीच.
झीज: नाही.